'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' या बायकांच्या तुरुंगावरच्या अमेरिकन मालिकेत सगळ्यात वाईट गार्ड कोण: मेंडेझ, हम्फ्री की पिस्काटेला?

माझ्या मते पिस्काटेला, आणि तेही बऱ्याच फरकाने.

मेंडेझ (पहिला सीझन, 2013) लंपट आणि आतून भित्रा. लिचफील्ड तुरुंगात ड्रग्ज तोच आणायचा. ट्रिशा ही कैदी त्यापायी गेली, तेव्हा तिने गळफास घेतला असं भासवून मोकळा झाला. नीच माणूस, पण सगळी धडपड स्वतःच्या फायद्यासाठी.

हम्फ्री बघताना मात्र अंगावर काटा येतो. मारित्झा या कैदीपुढे मेलेल्या माश्या आणि उंदराचं जिवंत पिल्लू ठेवतो, बंदूक रोखतो आणि काय खातेस ते निवडायला लावतो. कारण काहीच नाही, नुसती मजा.

तरीही पिस्काटेलाच, कारण गार्डांचा प्रमुख म्हणून असल्या लोकांना मोकळं रान त्याने दिलं. ब्लांका या कैदीला टेबलावर उभं ठेवण्याची शिक्षा त्याच्याच राज्यात चालली. चौथ्या सीझनच्या शेवटाकडे बायका टेबलांवर उभ्या राहून शांतपणे त्याचा राजीनामा मागतात, तर हा गार्डांना त्यांच्या अंगावर सोडतो. त्या झटापटीत पूसे ही कैदी जीवानिशी जाते. तिच्या पाठीवर गुडघा बेली या गार्डचा होता, खरं आहे, पण त्या पोरसवदा गार्डला तिथे ढकललं कोणी? पाचव्या सीझनमध्ये पिस्काटेला रेड या कैदीचे केस कापतो, तो प्रसंग तर मला सलग बघवलाच नाही.