अध्यक्षांचे 'उद्घाटन' होत नाही

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून आला, तर त्याच्या 'इनॉग्युरेशन'ला मराठीत काय म्हणायचे? उद्घाटन, पदग्रहण की 'पुनर्शपथविधी'?

'उद्घाटन' तर नकोच. बातमीत 'अध्यक्षांचा उद्घाटन सोहळा' वाचला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. उद्घाटन पुलाचे होते, दुकानाचे होते, पतसंस्थेच्या शाखेचे होते. बंद आहे ते उघडायचे, एवढाच त्याचा अर्थ. माणसाची फीत कुठे कापणार? आणि 'पुनर्शपथविधी' ज्याने घडवला त्याने संधीचा धडा वगळलेला दिसतो. पुनर्जन्म, पुनर्विवाह बरोबर. पण पुढे प, श, स असे कठोर व्यंजन आले की रफार जाऊन विसर्ग येतो : पुनःप्रक्षेपण, पुनःस्थापना. टीव्हीवाल्यांना हे सांगून सांगून लोक थकले.

पण मूळ शब्दाकडे या, कारण त्यात एक पक्षी बसला आहे. 'इनॉग्युरेशन'च्या पोटात लॅटिन 'ऑगुर' आहे. ऑगुर म्हणजे पक्ष्यांचे उडणे, ओरडणे, दाणे टिपणे पाहून देवांची मर्जी सांगणारा रोमन पुरोहित. रोमचा दुसरा राजा नुमा पोम्पिलियस गादीवर आला तेव्हाचे वर्णन लिव्ही या रोमन इतिहासकाराने केले आहे. नुमाला गडावर नेऊन दगडावर दक्षिणेकडे तोंड करून बसवले. ऑगुर डोक्यावर वस्त्र घेऊन त्याच्या डावीकडे बसला. हातात बिनगाठीची, टोकाला वळलेली काठी. तिने त्याने दिशा आखल्या, मग काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात नुमाच्या डोक्यावर ठेवला आणि ज्युपिटर देवाकडे कौल मागितला. याचे नाव 'इनॉगुरारे'. लोकांनी निवडलेल्या माणसाला वरून होकार आला की नाही, ते पाहायचे.

आता आपला 'शकुन' घ्या. संस्कृतात शकुन म्हणजे आधी पक्षी! चिन्ह हा अर्थ त्यातूनच निघाला. शकुंत म्हणजेही पक्षी. कण्वांना सापडली तेव्हा पक्षी जिला राखत होते ती शकुंतला. शकुनीमामाच्या नावाचाही अर्थ पक्षीच. ज्ञानदेवांचा 'पैल तो गे काऊ' शकुन सांगतो, म्हणजे व्युत्पत्तीने पाहिले तर पक्षी पक्ष्याचेच काम करतो आहे. भारद्वाज दिसला की आजही कोणीतरी 'चला, काम होणार' म्हणतेच, आणि टिटवी ओरडली की म्हातारी माणसे अस्वस्थ होतात. ग्रीकांचा 'ऑर्निस'ही तसाच, पक्षी आणि शकुन दोन्ही.

यावर लॅटिनचे आधुनिक कोशकार नाक मुरडतात. त्यांच्या मते ऑगुरमध्ये पक्षी नाहीच. तो 'वाढवणे' या अर्थाच्या धातूतून आला. त्या धातूचा धागा ते आपल्या 'ओजस्'शीही जोडतात. ध्वनीच्या हिशेबात ते चोख असेल, पण ज्याचा सगळा धंदा पक्षी पाहण्याचा, त्याच्या नावात पक्षी नको म्हणणे मला रुचत नाही. खुद्द कित्येक रोमन लोक त्यात पक्षी पाहत होते. शेजारचाच लॅटिन 'ऑस्पेक्स' घ्या, तोही पक्षी पाहून शकुन सांगणारा. त्यात 'आविस' म्हणजे पक्षी आणि त्याला जोडून 'पाहणे' या अर्थाचा धातू, यावर वाद नाही. हाच धातू संस्कृतात 'स्पश्', ज्यातून आपला 'स्पष्ट' आला. शकुन, ऑर्निस, ऑस्पेक्स या तीन शब्दांत पक्षी आणि शकुन एका फांदीवर बसलेले असताना चौथ्यात ओजस् कशाला शोधायचे?

आणि अमेरिकेने तर कमालच केली. १९७२ मध्ये रिचर्ड निक्सन ५० पैकी ४९ राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले. २० जानेवारी १९७३ च्या मिरवणुकीत कबुतरांचा त्रास नको म्हणून पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरच्या झाडांना 'रूस्ट नो मोअर' नावाचे रसायन लावले. कबुतरे उडून जायच्या ऐवजी आजारी पडली, मेली, आणि मिरवणुकीच्या वाटेवर पडून राहिली. एखादा ऑगुर तिथे असता तर तिथल्या तिथे काठी मोडून घरी गेला असता. ९ ऑगस्ट १९७४ ला विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीच्या वॉटरगेट प्रकरणापायी निक्सन पायउतार झाले. मी अंधश्रद्ध नाही, पण शब्दाने आपला सूड घेतला एवढे म्हणू द्या.

हां, प्रश्न. 'पदग्रहण' चुकीचे नाही, पण फेरनिवडीत पद देणारा आणि घेणारा एकच असतो, म्हणून जरा विनोदी वाटते. शपथ मात्र नव्याने लागतेच. विसाव्या घटनादुरुस्तीनुसार २० जानेवारीला दुपारी १२ वाजता जुना कार्यकाळ संपतो, मग माणूस तोच का असेना. हा नियम पहिल्यांदा लागू झाला १९३७ मध्ये, तोही फेरनिवडून आलेल्या फ्रँकलिन रूझवेल्टना. तेव्हा 'शपथविधी' म्हणा. फक्त नुसते 'दुसरा शपथविधी' लिहू नका, 'दुसऱ्या कार्यकाळाचा शपथविधी' लिहा. २००९ मध्ये शपथेतले शब्द मागेपुढे झाले म्हणून ओबामांनी दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये ती पुन्हा घेतली. २०१३ मध्ये २० तारखेला रविवार आला, म्हणून एकदा खासगीत आणि सोमवारी जाहीर. मोजायला बसलात तर त्यांचा दुसरा शपथविधी २१ जानेवारी २००९ चा ठरतो आणि २०१३ चा जाहीर सोहळा चौथा.