मंगळावर यान पाठवायला दर २६ महिन्यांनीच संधी का मिळते?

पृथ्वीची सूर्यप्रदक्षिणा ३६५ दिवसांची, मंगळाची ६८७ दिवसांची. त्यामुळे दोघांची हवी तशी मांडणी साधारण ७८० दिवसांनी पुन्हा जुळते. कमीत कमी इंधनात जायचं, तर यान निघताना मंगळ पृथ्वीच्या सुमारे ४४ अंश पुढे हवा. नेम आजच्या मंगळावर धरायचा नसतो, आठ-नऊ महिन्यांनी तो जिथे असेल तिथे धरायचा!

आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ला उडालं, पण त्याला नेणाऱ्या पीएसएलव्ही रॉकेटमध्ये थेट मंगळाकडे ढकलण्याइतका जोर नव्हता. म्हणून ते पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं. पृथ्वीच्या अगदी जवळून जाताना यानाचा वेग सर्वाधिक असतो आणि तेव्हा जाळलेलं तेवढंच इंधन जास्त ऊर्जा देतं. तिथेच इंजिन पेटवत कक्षा मोठी करत नेली. मला या मोहिमेतलं हे गणित सर्वांत सुंदर वाटतं. १ डिसेंबरला यान मंगळाकडे निघालं, २४ सप्टेंबर २०१४ला मंगळाच्या कक्षेत शिरलं.