शेवटच्या नोकरीच्या रकान्यावरून माणूस कळत नाही

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत बायडन यांच्या २०२० च्या ट्रान्झिशन टीमची, म्हणजे निवडून आल्यावर शपथेपर्यंत खात्याखात्यांत पथकं पाठवून नव्या सरकारची तयारी करणाऱ्या लोकांची, यादी चाळली तर विद्यापीठं, वकिलीच्या फर्म आणि थिंक टँक (सरकारी धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्था) यांचीच नावं डोळ्यांत भरतात. ज्यांनी सरकार चालवलं नाही, ते सरकारला काय सल्ला देणार? शिवाय तुमची भाची तिकडे पब्लिक पॉलिसी शिकतेय, तिने कोणती वाट धरावी, हेही विचारलंय.

ती यादी मीही तेव्हा रात्री जागून वाचली होती. प्रत्येक नावासमोर दोन रकाने होते. एकात सर्वांत अलीकडची नोकरी, दुसऱ्यात या कामाचा पगार कुठून. तिथे बहुतेकांपुढे ‘स्वयंसेवक’ असं लिहिलेलं. गोंधळ पहिल्या रकान्याने होतो. त्यात माणूस काल कुठे होता एवढंच असतं, त्याआधीची पंचवीस वर्षं नसतात.

संरक्षण खात्याच्या पथकाच्या प्रमुख कॅथलीन हिक्स यांच्यापुढे वॉशिंग्टनमधल्या एका थिंक टँकचं नाव होतं. वाचणाऱ्याला वाटतं, लेख लिहिणाऱ्या बाई. प्रत्यक्षात त्या १९९३ मध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून पेंटागॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, शिरल्या आणि २००६ पर्यंत तिथेच होत्या. मग थिंक टँक, ओबामा आल्यावर २००९ मध्ये परत पेंटागॉन, २०१३ नंतर पुन्हा थिंक टँक. २०२१ मध्ये त्या संरक्षण उपमंत्री झाल्या. त्यांना त्या इमारतीतला कोणता कागद कोणाच्या टेबलावर अडतो हे माहीत होतं.

ऊर्जा खात्याच्या पथकाचे प्रमुख अरुण मजुमदार. त्यांच्यापुढे स्टॅनफर्ड लिहिलेलं. हे आपल्या पवईच्या आयआयटीचे १९८५ चे इंजिनियर. पण त्यांची निवड झाली ती केवळ प्राध्यापक म्हणून नव्हे. ऊर्जा खात्यात नव्या तंत्रज्ञानाला पैसा देणारी ‘आर्पा-ई’ ही संस्था आहे, तिचे ते पहिले संचालक होते, २००९ ते २०१२.

अशीच माणसं का लागतात, हे वेळेच्या हिशेबावरून कळतं. निवडणूक ३ नोव्हेंबरला, शपथ २० जानेवारीला. मधल्या अकरा आठवड्यांत प्रत्येक खात्यात काय चाललंय ते समजून घ्यायचं आणि राजकीय नेमणुकीची सुमारे ४,००० पदं भरायची तयारी करायची. त्यातल्या १,२०० च्या आसपास पदांना सिनेटची मंजुरी लागते. त्या वर्षी तर सरकारी इमारतींचा कारभार पाहणाऱ्या जीएसए या संस्थेचं, निवडणूक कोण जिंकलं हे मानणारं अधिकृत पत्र २३ नोव्हेंबरपर्यंत आलंच नाही, आणि ते येईपर्यंत पथकांना खात्यातल्या अधिकाऱ्यांशी बोलता येत नव्हतं. अशा वेळी आधी आत राहून आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून प्रश्न कोणते विचारायचे हे ठाऊक असतं. नवख्याचा महिना खात्याचा नकाशा समजण्यातच जातो.

टीमचे प्रमुख टेड कॉफमन तर मुळात मेकॅनिकल इंजिनियर, ड्यूपाँ कंपनीतले. १९७३ पासून बायडन यांच्या सिनेट कार्यालयात, त्यातली १९ वर्षं चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे कार्यालयाचे प्रमुख. पुढे बायडन उपाध्यक्ष झाल्यावर त्यांच्या रिकाम्या जागी तेच सिनेटर झाले आणि सत्तांतराच्या कायद्यात सुधारणा करायच्या मागे लागले. २०१५ च्या सुधारणा कायद्याला त्यांचं नाव आहे.

तज्ज्ञांची सल्लागार मंडळं याहून वेगळी, पण तिथेही हाच धागा सापडतो. ९ नोव्हेंबर २०२० ला कोविड सल्लागार मंडळ जाहीर झालं, त्यात डॉ. अतुल गावंडे होते. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, म्हणून आपल्याकडे त्या बातमीचं कौतुक झालं आणि मलाही मनापासून आनंद झाला. मात्र बातम्यांत ‘प्रसिद्ध सर्जन’ यापुढे फारसं कोणी गेलं नाही. हा माणूस १९९२ मध्ये मेडिकलचं शिक्षण मध्येच थांबवून क्लिंटन यांच्या प्रचारात आरोग्यधोरणाचं काम करत होता, नंतर त्या सरकारच्या आरोग्यसुधारणेच्या कामातही होता. मग परत जाऊन १९९५ ला डॉक्टर झाला.

तुमच्या शंकेतला एक भाग मात्र मला पूर्ण पटतो. आज खात्यात, उद्या त्याच खात्याशी व्यवहार करणाऱ्या कंपनीत, परवा त्याच खात्याची पाहणी करणाऱ्या पथकात, हा फेरा धोक्याचाच आहे. ओबामांच्या २००८ च्या टीमने नियम केला होता: मागच्या १२ महिन्यांत ज्या विषयात लॉबिंग (कुणाच्या तरी वतीने सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकायचं काम) केलं, त्या विषयात इथे काम करायचं नाही. मला तो नियम आवडला होता, पण लॉबिस्ट म्हणून नोंद नसलेला सल्लागार त्यातून सहज निसटतो. म्हणून अलीकडच्या नोकरीचा रकाना मी बिनकामाचा म्हणत नाही. हितसंबंध कुठे आहेत ते त्यातून दिसतं, लायकी दिसत नाही.

आणि सगळे अध्यक्ष हीच वाट धरतात असंही नाही. ट्रम्प यांच्या २०२४ च्या टीमचे दोन प्रमुख होते हॉवर्ड लटनिक आणि लिंडा मॅकमहन. एक वॉल स्ट्रीटवरचे, दुसऱ्या कुस्तीच्या मनोरंजन व्यवसायातून आलेल्या. मॅकमहन यांनी आधी लघुउद्योगांचं सरकारी खातं सांभाळलं होतं, लटनिक यांच्या गाठीला सरकारी नोकरी नव्हती.

भाचीला सांगा, डिग्री कायद्याची की धोरणाची यावर फार अडकू नकोस. पहिली पाच वर्षं कुठल्या तरी खात्यात, नगरपालिकेत, राज्य सरकारात, जिथे घेतील तिथे कनिष्ठ पदावर काढ. बजेटचं काम मिळालं तर सोडू नकोस, कारण खातं सगळ्यांत आधी तिथून उलगडतं. तिचा विषय आरोग्य आहे की ऊर्जा, ते कळवा. त्या क्षेत्रातल्या चार-पाच लोकांचे सगळे टप्पे क्रमाने लिहून देतो.