वाचकांचे प्रश्न : हिशेबपट्टीचे माप एक्सेलमध्ये कोठे लिहावे?

प्रश्न : कोल्हापूरच्या श्री शाहू मार्केट यार्डात आमचे गुळाचे अडत दुकान आहे. शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या आम्ही प्रेसमधून सलग (न तुटलेल्या, घड्यांच्या) कागदावर छापून घेतो आणि रवे, वजन, दर, हमाली, तोलाई यांचे आकडे एक्सेलमधून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर भरतो. पट्टी १० इंच रुंद व ६ इंच उंच आहे. वर्डमध्ये हे माप लिहिता येते, एक्सेलमध्ये मात्र तशी सोय दिसत नाही, म्हणून यादीतला ‘ए-५ रोटेटेड’ (आडवा ए-५) निवडला. पहिली पट्टी नीट येते, पण पुढे आकडे वर सरकत जातात आणि दराचा आकडा वजनाच्या ओळीत जाऊन बसतो. उपाय काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण निवडलेल्या कागदाची उंची १४८ मिलिमीटर आहे आणि आपली पट्टी ६ इंच, म्हणजे १५२.४ मिलिमीटर उंच आहे. सलग कागदावर एक पान संपले की प्रिंटर पट्टीची घडी कोठे आहे हे पाहत नाही, सांगितलेल्या उंचीइतका कागद पुढे ढकलतो आणि तेथे नवे पान सुरू झाले असे धरून चालतो. त्यामुळे दर पट्टीमागे ४.४ मिलिमीटरची चूक पडते आणि ती साठत जाऊन दहाव्या पट्टीपर्यंत जवळजवळ चार सेंटिमीटर होते. यात प्रिंटरचा काही दोष नाही, त्यामुळे कारागीर बोलावण्याची घाई करू नये.

एक्सेलमध्ये माप लिहायला जागा नाही हे आपले निरीक्षण बरोबर आहे. एक्सेल आपली कागदांची यादी प्रिंटरच्या ड्रायव्हरकडून (संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामकडून) घेते, म्हणून नवे माप विंडोजमध्येच नोंदवावे लागते. सेटिंग्जमधील ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ या पानावर ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ हा दुवा असतो. तो उघडून ‘फॉर्म्स’ या भागात ‘क्रिएट अ न्यू फॉर्म’वर खूण करावी, ‘गूळपट्टी’ किंवा सहज ओळखता येईल असे नाव द्यावे, रुंदी व उंची भरून ‘सेव्ह फॉर्म’ दाबावे. रकाने फिकट दिसत असतील तर संगणकावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार असलेल्या व्यक्तीकडून हे काम करून घ्यावे. त्यानंतर एक्सेल बंद करून पुन्हा उघडल्यास ‘पेज लेआउट’मधील ‘साइझ’च्या यादीत हे नाव आले पाहिजे. आले नाही, तर ते माप त्या प्रिंटरच्या मर्यादेत बसत नाही किंवा ड्रायव्हर ते स्वीकारत नाही असे समजावे.

माप भरताना बहुतेक जण रुंदी-उंचीपाशी अडखळतात. प्रिंटरच्या डोक्याच्या धावेच्या दिशेने मोजतो ती रुंदी आणि कागद ज्या दिशेने पुढे सरकतो ती उंची. आपली पट्टी रुंद असली तरी रुंदी १० व उंची ६ असेच लिहावे, दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या रुंदीत धराव्यात आणि ओरिएंटेशन (पानाची दिशा) पोर्ट्रेट, म्हणजे उभेच ठेवावे. पट्टी आडवी दिसते म्हणून लँडस्केप निवडले की सगळा मजकूर उभा फिरून छापला जातो.

उंची मात्र एका पट्टीवर फूटपट्टी ठेवून मोजू नये. दहा पट्ट्या न फाडता जमिनीवर पसराव्यात, पहिल्या घडीपासून दहाव्या पट्टीच्या शेवटापर्यंत टेपने मोजावे आणि दहाने भागावे. साठ इंच बरोबर भरले तर प्रेसने माप पाळले आहे. अर्धा मिलिमीटर जास्त-कमी असल्यास तोही अशा मोजणीत दिसतो, एका पट्टीवर दिसत नाही. पुढच्या खेपेला प्रेसला माप देताना उंची पूर्ण इंचांतच ठेवावी, कारण या प्रिंटरांची नेहमीची ओळ इंचात सहा अशी असते आणि ६ इंचांत बरोबर ३६ ओळी बसतात.

याशिवाय प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही पानाची लांबी असते आणि फॉर्म फीडचे (कागद पुढच्या पानावर नेणारे) बटण दाबल्यावर प्रिंटर तीच लांबी मानतो, म्हणून तेथेही ६ इंच ठेवावे. सौद्याच्या गर्दीत पट्टी फाडण्यासाठी चालू प्रिंटरची कडेची मूठ हाताने फिरवण्याची सवय अनेक दुकानांत असते. ती सोडावी, कारण मूठ फिरवली की पानाचा आरंभ कोठे आहे याचा प्रिंटरचा हिशेब चुकतो आणि वरचे सारे परिश्रम वाया जातात.

प्रश्न : ११० × २२० मिलिमीटरच्या पाकिटाचे पीडीएफ बरोबर तयार होते, पण छापताना पत्ता लहान होऊन भलत्याच जागी येतो.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : पीडीएफ वाचणारा प्रोग्राम छापतेवेळी पान कागदाच्या मापात बसवू पाहतो आणि ड्रायव्हरमध्ये अजून ए-४ असेल, तर पाकीटही त्याच हिशेबाने छापले जाते. छपाईच्या चौकटीत ‘फिट’ऐवजी ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ निवडावे आणि ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन पाकिटाचे हेच माप प्रिंटरलाही सांगावे. अ‍ॅडोबीच्या रीडरमध्ये ‘चूज पेपर सोर्स बाय पीडीएफ पेज साइझ’ अशी खूण करण्याची सोय आहे, तिचाही उपयोग होतो. पाकीट कोणत्या बाजूने आत घालावे हे प्रत्येक प्रिंटरचे वेगळे असते, म्हणून तेवढ्याच आकाराच्या कोऱ्या कागदावर आधी एक प्रत काढून पाहावी.