15 दिवसांच्या अंदाजावर गरवायला (गळाने मासे धरायला) निघू नका

पंधरवड्यानंतरचा वारा हवामानाच्या ॲपमध्ये दिसतो खरा, पण 5 दिवसांपुढचे आकडे रोज बदलतात. तो नुसता कल समजा. आगाऊ पक्की कळते ती भरती-ओहोटी. म्हणून कोकणात खडकावरून गरवायला आधी अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस धरा; उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाण्याची ओढ नवख्याला झेपत नाही. त्या दिवसांसाठी खोली घ्या, पण रद्द केली तर पैसे परत मिळणारी.

मग 3 दिवस आधीपासून इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज पाहा, आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा. लाटेच्या उंचीवर भुलू नका, दोन लाटांमधला अवधी बघा. लाट मीटरभराचीच, पण अवधी 14 सेकंद असेल तर ती दूरच्या वादळातून आलेली असते. वारा पडलेला असतानाही अचानक खडकावर चढते. अशा दिवशी खाडीत गळ टाका.