ओटीपी तुमच्या मोबाईलवर येतो म्हणून

प्रश्न : मुलगी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेट परीक्षेचा स्कोअर चांगला आला, पण डीआरडीओचा, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेचा, फॉर्म भर म्हटलं तर 'माणसं मारायच्या वस्तू मी बनवणार नाही' म्हणते. विद्यापीठातच थिन फिल्मच्या (पातळ थराच्या) गॅस सेन्सरवर पीएचडी करणार म्हणे. तिचे चुलते मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्यांच्यापुढं माझी मान खाली गेली. आठ दिवस तिच्याशी बोललेलो नाही. फॉर्म मीच भरून टाकावा म्हणतो, ओटीपी माझ्याच मोबाईलवर येतो. तिला समजवा.
– एक पालक (शिरोली एमआयडीसीत फाउंड्री), कोल्हापूर

उत्तर : भाऊ, पत्र दोनदा वाचलं. मला काळजी वाटली ती तुमच्या आठ दिवसांची. एकाच घरात राहून 'जेवायला वाढ' हेसुद्धा तिच्या आईमार्फत चाललं असेल. पोरीनं परीक्षा बुडवलेली नाही, कुणाला फसवलेलं नाही. आपल्या कामाचं पुढं काय होणार, एवढं तिनं विचारलं. खरं सांगा, तुमच्या फाउंड्रीत ड्रॉइंग येतं, पॅटर्न होतो, कास्टिंग ट्रकात चढतं. ते शेवटी कुठं बसतं हे तुम्ही गिऱ्हाइकाला कधी विचारलंत? मीही विचारलं नसतं. तिनं विचारलं, आणि शिक्षा तिला झाली.

जोसेफ रॉटब्लाट नावाचे पोलंडचे भौतिकशास्त्रज्ञ होते. हिटलर आधी अणुबॉम्ब करील या भीतीनं ते अमेरिकेच्या बॉम्ब प्रकल्पात गेले. जर्मनीचा बॉम्ब होत नाही हे १९४४ च्या अखेरीस कळलं, तसे ते काम सोडून निघाले. त्यांच्यावर हेरगिरीचा संशयही घेतला गेला. पुढं ते वैद्यकीय भौतिकशास्त्राकडं वळले. १९९५ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, पण ते पन्नास वर्षांनी. निघाले तेव्हा पाठीवर हात ठेवणारं फारसं कुणी नव्हतं. तुमच्या मुलीच्या पाठीवर निदान घरातला एक हात असावा.

मार्गांचं म्हणाल तर डीआरडीओला गेटचा स्कोअर चालतो, पीएचडीला नेट, जेस्ट किंवा गेट यांपैकी एखादी परीक्षा. गेटचा स्कोअर तीन वर्षं ग्राह्य असतो, तेव्हा घाई तुमची आहे, तिची नाही.

आता तिलाही थोडं ऐकवतो, हा परिच्छेद तिला वाचायला द्या. विद्यापीठात राहिलं की हात स्वच्छ राहतात, हा गैरसमज आहे. आपल्या उसाला पडणाऱ्या युरियाच्या मुळाशी अमोनिया. हवेतल्या नायट्रोजनपासून तो करायची रीत फ्रिट्झ हाबरनं शोधली, तेव्हा तो कार्ल्सरूहला शिकवत होता, लष्करात नव्हता. पहिल्या महायुद्धात त्याच अमोनियावर जर्मनीचा दारूगोळा चालला. आणि एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन सोडला गेला, तेव्हा देखरेखीला हाबर स्वतः हजर होता. म्हणजे बाई, तुझा गॅस सेन्सरही सोवळ्यातला नाही. तो स्वयंपाकघरातली गळती ओळखेल, तसा विषारी वायूचा हल्लाही ओळखेल; आणि आपली माणसं सुरक्षित आहेत असं वाटलं की हल्ला करणाऱ्यालाही धीर येतो. उलट डीआरडीओची मैसूरची प्रयोगशाळा जवानांसाठी टिकाऊ चपात्या करते. पाटी वाचून ठरवू नकोस. पैसा कोण देतं, निष्कर्ष छापता येतात का, मध्येच सोडता येतं का, हे प्रत्येक ठिकाणी विचार, तुझ्या गाइडलासुद्धा. एवढं विचारूनही 'नाही' म्हणालीस, तर मी तुझ्या बाजूनं.

भाऊ, सुभेदारसाहेबांपुढं मान खाली गेली म्हणता. पण त्यांना विचारलंत का? शस्त्र हातात धरून ज्यानं नोकरी केली, त्याला हा प्रश्न नवा नसणार. तिला एक संध्याकाळ त्यांच्याकडं पाठवा, आणि तुम्ही सोबत जाऊ नका.

फॉर्म मात्र तुम्ही भरायचा नाही. आज तिच्या लॉगिनला तिचा स्वतःचा नंबर घाला. त्यासाठी तिला तो विचारावा लागेल, म्हणजे नववा दिवस तरी मोडेल.