पहिल्या दिवशी लिस्ट बॅगेतच राहू द्या

यावेळी मेलबॉक्स उघडला तर सगळी मंडळी प्रवासाला निघालेली! गावं वेगवेगळी, पण प्रश्न फिरून फिरून तोच, नवीन मोठ्या शहरात पहिल्या दिवशी नेमकं करायचं काय. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, फक्त यावरच बोलूया.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं पहिल्यांदाच परदेशात चाललोय, एकाच शहरात चार दिवस. विमान सकाळी 6 ला उतरतंय आणि हॉटेलवाले म्हणतात रूम दुपारी 3 ला मिळेल. नवऱ्याने पहिल्या दिवसाचं एक्सेल शीट केलंय, त्यात आठ ठिकाणं आणि प्रत्येकापुढे वेळ लिहिलीये. मी म्हणते नाही जमणार, तो म्हणतो चारच तर दिवस आहेत, त्यातला एक वाया का घालवायचा? कोण बरोबर?

तुम्ही. पण नवऱ्याला लगेच वाचून दाखवू नका, आधी त्याच्याच शीटमधे एक हिशोब करायला सांगा. आठ ठिकाणं म्हणजे मधले सात प्रवास, एकेक अर्ध्या तासाचा धरला तरी साडेतीन तास नुसते इकडून तिकडे जाण्यात गेले, आणि नवीन माणसाला अर्ध्या तासाचा प्रवास अर्ध्या तासात कधीच होत नाही, कारण तिकिटाचं मशीन समजेपर्यंत दहा मिनिटं, चुकीच्या प्लॅटफॉर्मवर उतरून परत वर यायला दहा मिनिटं. हे शीटमधे कुठेच नसतं.

आता सकाळी 6 ते दुपारी 3 चं बघू. बहुतेक हॉटेलं रूम मिळायच्या आधी बॅगा ठेवून घेतात, आधी एक मेल टाकून विचारून ठेवा. नाहीच म्हणाले तर मोठ्या स्टेशनवर लॉकर किंवा क्लोकरूम आहे का ते निघायच्या आधी शोधा. बॅगा सोबत घेऊन फिरू एवढं मात्र अजिबात म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं. दगडी फरशीच्या जुन्या गल्लीतून चाकांची बॅग ओढत दोन तास फिरले, खडखड खडखड, खिडक्या उघडून लोक बघायला लागले, आणि शेवटी एक चाक निखळून उतारावरून माझ्या पुढे पुढे पळत गेलं. उरलेली ट्रिप ती बॅग मी उचलूनच नेली. तर बॅग भरताना वरच्या कप्प्यात एक टी-शर्ट, टूथब्रश, चार्जर आणि औषधं ठेवा, लॉबीच्या वॉशरूममधे तोंड धुऊन कपडे बदलले की माणूस निम्मा ताजा होतो, खरंच.

झोपेचं म्हणाल तर वेळेचा फरक बराच असेल तर शरीराला साधारण एका टाइमझोनला एक दिवस लागतो, म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही तिथे असता पण तुमचं घड्याळ अजून घरीच असतं. पूर्वेकडे जाताना त्रास जास्त होतो, कारण आपलं आतलं घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्याला दिवस ताणणं सोपं जातं, आखडणं नाही. यावरचं सगळ्यात मोठं औषध म्हणजे दिवसाचा उजेड. म्हणून बाहेर राहा, चालत राहा, फारच डोळे मिटायला लागले तर अलार्म लावून वीस-तीस मिनिटं पडा. तीन तास झोपलात तर रात्री 2 ला टक्क जागे व्हाल आणि मग दुसरा दिवसही गेला. संध्याकाळी कॉफी पिऊन किल्ला लढवू नका, त्यातलं अर्धं कॅफिन पाच तासांनीसुद्धा अंगात असतं.

आणि वेळेचं बंधन असलेलं तिकीट पहिल्या दिवसाचं काढूच नका! मी सकाळी 11 चा स्लॉट घेतला होता, विमान दोन तास उशिरा, दारात पोचले तेव्हा माझी वेळ उलटून गेलेली, पैसे परत नाहीत. यात दोष द्यायचा तर माझ्या हावेलाच.

मग करायचं काय? हॉटेलच्या आजूबाजूची दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे तेवढंच शहर पहिल्या दिवशी आपलं. सकाळी लोक कामाला कुठल्या दिशेने पळतात, औषधाचं दुकान कुठंय, स्टेशनचं दार कुठल्या कोपऱ्यावर उघडतं. दुपारी एखादी बाग नाहीतर नदीकाठ, पोटाला आधार, आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी एखादी उंच जागा, टेकडी, मनोरा, काय असेल ते (इथेही तिकीट लागत असेल तर ऐनवेळी तिथे जाऊनच काढा, रांग मोठी असेल तर सरळ सोडून द्या). वरून उरलेल्या तीन दिवसांची ठिकाणं शोधायची, अरे ते तिकडे होय, आणि ते दोन तर शेजारीशेजारीच आहेत की! तिथे उभं राहून नवऱ्याचं शीट काढा, तो स्वतःच त्यातल्या ओळी वरखाली करायला लागेल. फक्त बंद असण्याचे वार तपासून घ्या, एकाच पॅरिसमधे लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं आणि ओर्से म्युझियम सोमवारी.

प्रश्न : मी 22 वर्षांची आहे, पहिल्यांदाच एकटी जातेय. मला दिशा अजिबात कळत नाहीत, मॅप समोर असूनही उलटं चालत जाते. हरवायची जाम भीती वाटते. काय करू?

अगं, मॅप असूनही उलटं चालण्यात तुझा एकटीचा दोष नाहीये. जीपीएसचे उपग्रह साधारण वीस हजार किलोमीटर वर असतात आणि उंच इमारतींच्या मधे त्यांचे सिग्नल काचांवर, भिंतींवर आपटून येतात, त्यामुळे तो निळा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. स्टेशनच्या बाहेर आल्या आल्या तर हमखास. तेव्हा बाहेर पडलीस की भिंतीला पाठ लावून उभी राहा, ठिपका स्थिर होऊ दे, मग वीस पावलं चाल आणि ठिपका कुठल्या बाजूला सरकला ते बघ. उलटा सरकला तर वळ, वीस पावलांचंच नुकसान.

दुसरं म्हणजे मेट्रोचा नकाशा हा शहराचा नकाशा नसतो. लंडनच्या अंडरग्राउंडचा तो प्रसिद्ध नकाशा 1933 साली आला, हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने केलेला, त्याने सगळ्या लाइन्स आडव्या, उभ्या नाहीतर 45 अंशात तिरक्या केल्या आणि अंतरं सरळ सोडून दिली. गाडी कुठे बदलायची ते त्यात झटकन कळतं, पण कोण कोणापासून किती लांब ते नाही. लेस्टर स्क्वेअर ते कोव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम 260 मीटर आहे, आणि नवखा माणूस त्यासाठी जिने उतरतो, गाडीची वाट बघतो, परत वर येतो. नंतर बऱ्याच शहरांनी हीच पद्धत उचलली, म्हणून एका-दोन स्टेशनांचा प्रवास असला की आधी खऱ्या मॅपवर बघ. पंधरा मिनिटांत साधारण एक किलोमीटर चालून होतं, एवढं डोक्यात ठेव.

दिशेसाठी उत्तर-दक्षिण वगैरे पाठ करू नकोस. केविन लिंच नावाच्या नगररचनाकाराने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या लोकांना त्यांचं शहर डोक्यात कसं दिसतं ते विचारलं होतं आणि 1960 मधे ते मांडलं, तर लोकांच्या डोक्यात मुख्यतः पाचच गोष्टी असतात, रस्ते, कडा म्हणजे नदी किंवा रेल्वेलाइनसारख्या, वस्त्या, चौक आणि खुणेच्या जागा. तू पहिल्या दिवशी प्रत्येकातली एकेक गोष्ट पकड. एक लांब सरळ रस्ता, एक नदी, एक मोठा चौक, दुरून दिसणारा एखादा टॉवर, आणि तुझी स्वतःची वस्ती. बास. संध्याकाळी हॉटेलवर बसून कागदावर काढून बघ, वेडंवाकडं येईल, येऊ दे. दुसऱ्या दिवशी तोच कागद तुला मॅपपेक्षा जास्त कामाला येईल.

काही शहरांना स्वतःचं एक गणित असतं, ते कळलं की फार मजा येते. पॅरिसच्या वीस भागांचे नंबर मधून सुरू होऊन गोगलगाईच्या शंखासारखे बाहेर वळत जातात. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधे उत्तर-दक्षिण चालताना साधारण वीस ब्लॉक म्हणजे एक मैल, म्हणजे दीडएक किलोमीटर. तू जातेयस त्या शहराचं असं काही गणित आहे का ते विमानात वाच.

ऑफलाइन मॅप डाउनलोड कर, हॉटेलचं नाव-पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहून घे, पॉवरबँक हातातल्या बॅगेत (चेक-इनच्या बॅगेत चालत नाही). आणि हरवलीसच तर कोपऱ्यावर उभं राहून फोन गोल गोल फिरवू नकोस, दुकानात शिर आणि आत जाऊन बघ.

प्रश्न : पहिल्या दिवशी ती वरून उघडी टुरिस्ट बस घ्यावी का?

थकलेल्या माणसाने? वरच्या मजल्यावर, उन्हात, कानात इयरफोन घालून? दुसऱ्या वळणाला झोपाल. घ्यायचीच तर संध्याकाळची घ्या. मला विचाराल तर साधी सिटी बस नाहीतर गोल फिरणारी एखादी रेल्वेलाइन असेल तर ती बरी. टोकियोची यामानोते लाइन 34.5 किलोमीटरची आहे, 30 स्टेशनं, पूर्ण चक्कर साधारण एका तासाची. खिडकीशी बसायचं, शाळेची मुलं चढतात, ऑफिसवाले उतरतात, इमारती उंच होतात, परत बुटक्या होतात. मधे डुलकी लागली तरी गाडी गोल फिरून तिथेच येते!

प्रश्न : आईबाबा सत्तरीचे आहेत, त्यांना पहिल्यांदाच मोठं शहर दाखवायला नेतोय. पहिल्याच दिवशी म्युझियम ठेवलंय, आत एसी असतो, चालणं कमी. बरोबर ना?

उलटं आहे हो. म्युझियममधे माणूस चालतो, थांबतो, परत चालतो, मान वर करतो, खाली वाकतो, पाय जास्त दुखतात ते याने. 'म्युझियम फटीग', म्हणजे म्युझियमचा थकवा, असा शब्दच आहे, बॉस्टनच्या म्युझियममधल्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 मधे लिहिलं होतं की वस्तू अशा मांडतात की बघणारा वाकून वाकूनच दमतो. सत्तरीच्या माणसाला रात्रभरच्या प्रवासानंतर तेच द्यायचं?

त्यापेक्षा बाकं असलेला चौक शोधा आणि तिथे तासभर बसवा. आपल्याला वाटतं काहीच केलं नाही, त्यांना मात्र तिथलं सगळं दिसत असतं, कोण कुत्रं फिरवतंय, सिग्नल लागल्यावर लोक कसे थांबतात. टॉयलेट कुठे आहेत ते तुम्ही आधीच बघून ठेवा, कारण ते विचारणार नाहीत, पाणी प्यायचं बंद करतील आणि संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणतील. नवे बूट पहिल्या दिवशी नकोत. आणि परतीचा प्रवास टॅक्सीनेच, यात बाबांचं ऐकू नका.

प्रश्न : पहिल्या दिवशी पैशाच्या बाबतीत फसायला होतं असं ऐकलंय, खरं का?

होतं, कारण झोप नसते आणि चलन नवीन असतं, किती शून्यं ते पटकन कळत नाही. एअरपोर्टवर सगळे पैसे बदलू नका, भाव वाईट मिळतो, गरजेपुरते घ्या. कार्ड वापरताना मशीनने विचारलं की तुमच्या देशाच्या चलनात कापू का, तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात कापा म्हणा, नाहीतर ते मशीनवाले स्वतःचा भाव लावतात. बाहेर पडताच 'टॅक्सी, टॅक्सी' करत जवळ येतो त्याच्यासोबत जाऊ नका, अधिकृत रांग शोधा. मनगटात काही बांधायला कुणी हात पुढे केला तर हात खिशात.

प्रश्न : आमचं दर ट्रिपला पहिल्याच दिवशी कडाक्याचं भांडण होतं. हसू नका, खरंच होतं!

हसत नाहीये, आमचंही होतं. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास, बरोबर? दोघांनाही भूक लागलेली असते, आणि एकजण 'अजून थोडं पुढे बघू' म्हणत असतो. तर भूक लागायच्या अर्धा तास आधीच कुठेही आत शिरा, चांगलं-वाईट नंतर बघू. जेवून झालं की दोन तास वेगवेगळे फिरा, एकाला दुकानं हवी असतात, दुसऱ्याला नुसतं बसायचं असतं. फक्त भेटायची जागा नीट ठरवा, अमुक घड्याळाखाली, तमुक पुतळ्यापाशी. 'स्टेशनबाहेर भेटू' असं म्हणू नका, टोकियोच्या शिंजुकु स्टेशनला बाहेर पडायला दोनशेहून जास्त दारं आहेत, तुम्ही एकावर उभे आणि जोडीदार दुसऱ्यावर.